मध्यम मापाची प्रतिकारशक्ती

आमच्या इमारतीत माझी शिंक ओळखू येते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, असं म्हणणार होतो. पण मग कशासाठी सांगतोय तेही सांगता येणार नाही, तेव्हा बढाई म्हणूनच समजा. दोन आखूड, मग जरा वेळ शांतता आणि मग एक लांब, असा तिचा बाज आहे. मधल्या शांततेत माणसं हातातली कपबशी खाली ठेवतात. मी तिसऱ्या मजल्यावर शिंकलो की चौथ्या मजल्यावरून ड्रिलमास्तर "जगा हो, स्टोअरकीपर!" म्हणून ओरडतात. तळमजल्यावरचा वॉचमन म्हणे माझी सकाळची शिंक ऐकून पाण्याचा पंप सुरू करतो. इमारतीच्या कारभारात माझा एवढा वाटा आहे, पण सोसायटीच्या सभेत कधी कोणी आभार मानलेले नाहीत.

सर्दीचा आणि माझा घरोबा जुना. ऋतू बदलला की ती येते. बदलला नाही तर का बदलला नाही हे विचारायला येते. कचेरीत दुसऱ्या टोकाला कोणी नुसतं नाक पुसलं तरी संध्याकाळी ती माझ्याआधी घरी पोचलेली असते. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती नात झाली तेव्हापासून.

नात दिवस भरायच्या आधीच आली. कन्या असते परगावी. तिथल्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आम्ही दोघं जाऊन काचेबाहेरून बघून आलो. इतकं लहान माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला अर्थातच सर्दी होती, त्यामुळे मी काचेपासूनही लांब, खांबाच्या आडून पाहिलं. पुढे बाळ घरी आलं, हळूहळू अंग धरू लागलं आणि थंडी संपली की कन्या तिला घेऊन आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं. मी पाळण्याचे स्क्रू आवळत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"बाबा, रागावणार नाही ना?"

या प्रश्नानंतर रागवण्यासारखंच काहीतरी येतं हे मला अनुभवानं माहीत आहे. मी नाही म्हणालो.

"डॉक्टरांनी सांगितलंय, सर्दीवाल्या माणसानं तिला घ्यायचं नाही. जवळसुद्धा यायचं नाही. तिला सर्दी झाली तर छातीत उतरेल. आणि तुम्ही तर..."

"मी तर काय?"

"तुम्ही तर सर्दीचं माहेरघर आहात, बाबा."

तोवर बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला होता. "तू काळजी करू नकोस गं," ती म्हणाली. "मी घेईन बाळाला. हे दारातून बघतील."

दारातून! ज्या घराचे हप्ते मी फेडले त्या घरात, मी बसवलेल्या दारातून, मी आवळलेल्या पाळण्यातलं बाळ मी लांबून बघायचं! मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी माझी प्रतिकारशक्ती वाढवणार आहे."

"आहे की तुमच्यात भरपूर," बायको म्हणाली. "कामाचा प्रतिकार तुमच्याइतका दुसरं कोण करतं?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घसा पाहिला, मी सांगितलेला सर्दीचा सगळा इतिहास शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "काका, व्यायाम करता?"

"मनातल्या मनात."

"आता अंगानं करा. मध्यम व्यायाम करा. भरभर चालायचं. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत. अधूनमधून थोडी ताकदीची कामं. झोप पुरेशी. आणि बाहेरून आलात की साबणानं हात धुवा. बास."

त्या आणखीही काही म्हणाल्या असतील. मी 'मध्यम' या शब्दापाशी थांबलो होतो.

या शब्दाचं आणि माझं काय आहे ते सांगायला हवं. आम्ही तिघे भाऊ, त्यात मी मधला. वर्गात मधल्या बाकावर बसलो. गुणपत्रिकेवर शेरा असायचा, 'प्रगती मध्यम'. उंची मध्यम, अंगकाठी मध्यम, चहासुद्धा मला न विचारता मध्यम गोडीचा देतात. नोकरी शहर बस कंपनीच्या गणवेश भांडारात. तिथे ड्रायव्हर-कंडक्टरांचे शर्ट मी सांभाळतो, आणि शर्टांची मापं तीन, लहान, मध्यम आणि मोठं. कंपनीनं मध्यम माप कशावरून ठरवावं? माझ्यावरून! गेली कित्येक वर्षं नवीन गठ्ठा शिवायला जाण्याआधी कंत्राटदाराचा शिंपी येतो आणि टेप माझ्याभोवती गुंडाळतो. कंपनीच्या कागदावर मी 'मध्यम मापाचा नमुना' आहे. बायको म्हणते, नमुना आहात हे मला कंपनीच्या आधी कळलं होतं.

ते सगळं मी सोसलं. पण नातीच्या बाबतीत मध्यम? मध्यम आजोबा? मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं की जे करायचं ते उत्तम करायचं.

आता एखादी गोष्ट उत्तम करायची म्हटली की शेजारी लागतात. चौथ्या मजल्यावरचे ड्रिलमास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झालेली नाही. जिन्यात मी त्यांना मध्यम व्यायामाचं सांगितलं तर ते कठड्याला धरून हसले.

"मध्यम? अहो, मध्यम म्हणजे न करणं! धावा! घाम निघाला पाहिजे घाम. मी पन्नास पोरांना पावसात धावायला लावायचो, एकाला सर्दी झाली नाही."

"एकालाही नाही?"

"झाली असेल. दुसऱ्या दिवशी येतच नव्हती, मला काय कळणार?"

आवाज ऐकून आमच्या समोरच्या बाईंनी दार उघडलं. या बाई श्वास शिकवतात. म्हणजे आपण जो फुकट घेतो तो कसा घ्यायचा याचे त्या वर्ग चालवतात. "धावू नका," त्या हळुवार आवाजात म्हणाल्या. "धावल्यानं श्वास विस्कटतो. सगळं नाकात आहे."

माझ्या नाकात खरोखरच सगळं होतं, त्यामुळे मला ते पटलं.

तिसरा माझा मेव्हणा. रविवारी तो दोन लोखंडी डंबेल घेऊनच घरात शिरला. बहिणीनं सांगितलं होतं की यांचं काहीतरी बिनसलंय, जरा बघून जा. "दाजी," तो दंड दाखवत म्हणाला, "प्रतिकार म्हणजे काय? समोरचा ढकलतोय आणि आपण हलत नाही, हाच की. त्याला स्नायू लागतो. रोग येऊन धडकला पाहिजे आणि परत गेला पाहिजे."

माझा स्वभाव न्यायी आहे. तीन माणसांनी मनापासून सल्ला दिला असता एकाचंच ऐकणं मला प्रशस्त वाटेना. मी तिघांचंही ऐकायचं ठरवलं. पहाटे धावणं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत भांडारात श्वास, संध्याकाळी लोखंड. बायको म्हणाली, "आणि झोप कधी?" मी म्हणालो, "झोपणाऱ्याला प्रतिकार करता येत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

पहिला घोटाळा बागेत झाला. आमच्या भागातल्या बागेत धावण्यासाठी मातीची गोल वाट आहे. फाटकावरच्या रखवालदारानं पास मागितला. पास बाग-कचेरीत मिळतो. बाग-कचेरीतले कारकून म्हणाले, धावायचं तर प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा. प्रकृती ठणठणीत व्हावी म्हणून तर धावायचं आहे, असं मी म्हणालो. ते म्हणाले, मग ठणठणीत झालात की या. शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडून दाखला आणला. त्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मध्यम व्यायामास हरकत नाही.'

कारकुनांनी चष्मा वर केला. "मध्यम म्हणजे चालणं. धावणं तीव्रमध्ये मोडतं." आणि माझ्या हातात चालणाऱ्यांचा हिरवा पास ठेवला. धावणाऱ्यांचा लाल असतो. हा शब्द माझा पाठलाग करत बाग-कचेरीपर्यंत आला होता.

तरी मी हिरव्या पासावर धावून पाहिलं. पहिल्याच वळणावर रखवालदारानं अडवलं. "काका, दोन्ही पाय एकदम हवेत गेले."

"कुठे गेले?"

"मी बघितले ना. एक पाय जमिनीवर पाहिजे. दोन्ही वर गेले की लाल पास."

भल्या पहाटे, सगळ्या बागेसमोर, एक माणूस माझे पाय मोजतोय! मी ताठ मानेनं, दोन्ही पाय आळीपाळीनं जमिनीवर टेकवत, बागेतून बाहेर पडलो.

मास्तर म्हणाले, रस्ता कुणाच्या बापाचा नाही. मग दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्यानं धावू लागलो आणि मागून सायकलवर मास्तर, शिट्टी वाजवत. मी चांगला धावत होतो. दम लागत होता, पण अभिमानही तितकाच वाटत होता. तेवढ्यात मागून आमच्याच कंपनीची पहिली बस आली आणि माझ्याशेजारी करकचून थांबली.

"साहेब!" ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "धावताय कशाला? थांबवली असती की!"

मी 'नाही, नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण आत हवा घ्यायची की बाहेर शब्द सोडायचे हे ठरेपर्यंत कंडक्टरनं मला दंडाला धरून आत ओढून घेतलं होतं. त्याच्या अंगावर मी दिलेला शर्ट होता. "भांडारवाल्या साहेबांची बस चुकून कसं चालेल?" असं म्हणून त्यानं एका बाईंना उठवून मला जागा दिली. सगळी बस माझ्याकडे कौतुकानं बघत होती. अशा वेळी 'मी गंमत म्हणून धावत होतो' असं सांगणं बरं दिसलं नसतं. मी बसलो. मागे मास्तर जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत सायकल हाणत होते. ड्रायव्हरला वाटलं वाहतूक पोलीस आहे, त्यानं वेग वाढवला.

हे एकदा झालं असतं तर ठीक होतं. पण त्या ड्रायव्हरनं डेपोत सगळ्यांना सांगितलं की स्टोअरच्या साहेबांना पहाटेची बस गाठताना फार धावपळ होते. मग मी कुठल्याही रस्त्यानं धावलो तरी कोणतीतरी बस माझ्याशेजारी थांबायची. रोज मी शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो आणि तिथून दुसऱ्या बसनं परत यायचो. त्या बसमध्ये एवढ्या सकाळी निम्मी माणसं खोकणारी असायची, कारण थंडी भर रंगात होती. घरी बायको विचारायची, "किती धावलात?" मी म्हणायचो, "शेवटच्या थांब्यापर्यंत." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी लोखंड असायचं. मेव्हण्यानं सांगितलं होतं की थोड्यापासून सुरुवात करा. पण मी थोडं हा शब्द मध्यमचाच धाकटा भाऊ समजतो. पहिल्याच दिवशी मी ते डंबेल वर नेले, बाजूला नेले, पुढे नेले, बायको 'अहो पुरे' म्हणाली तेव्हा आणखी एकदा वर नेले. रात्री छान वाटलं. सकाळी उठलो तर हात खाली येईनात. हँगरवर वाळत घातलेल्या शर्टासारखे ते दोन्ही बाजूंना अधांतरी. तोंड बायकोनं धुतलं. दाराच्या चौकटीतून मी तिरका बाहेर पडलो.

आणि नेमका त्याच दिवशी कंत्राटदाराचा शिंपी माप घ्यायला आला.

रजा टाकता आली असती, पण मी कर्तव्याला चुकणारा माणूस नाही. मी नमुन्याच्या जागी उभा राहिलो. शिंपी टेप घेऊन माझ्याभोवती दोनदा फिरला.

"साहेब, हात खाली घ्या."

"हे खालीच आहेत."

त्यानं वाद घातला नाही. कंपनीचा नमुना जसा असेल तसं माप, हे त्याचं काम. त्यात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि समोरच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी छातीत भरलेला श्वास अजून सोडलेला नव्हता. शिंप्यानं छाती लिहिली, बगल लिहिली, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गेला.

गठ्ठे शिवून आले तेव्हा भांडारात हसावं की रडावं अशी अवस्था झाली. मध्यम मापाच्या प्रत्येक शर्टाची बगल अशी ऐसपैस की कंडक्टरनं तिकिटासाठी हात वर केला की पंख उघडल्यासारखं दिसायचं. अर्ध्याहून जास्त माणसं मध्यमच मापाची, तेव्हा अर्धी कंपनी उडायच्या बेतात! साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून लेखी खुलासा मागितला. 'मापाच्या दिवशी नमुन्याचे हात खाली येत नव्हते' हे वाक्य सरकारी मराठीत कसं लिहायचं, यात माझी एक अख्खी दुपार गेली.

आणि दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली.

सर्दी मला नवीन नाही, पण ही माझ्याही अनुभवाबाहेरची होती. ताप, कणकण, डोळे लाल, नाकी नऊ म्हणजे काय ते नाकालाच विचारावं. माझ्या शिंकेतली मधली शांतता नाहीशी झाली आणि वॉचमनचा पंप दिवसभर चालू राहिला. बायकोनं काढा दिला, पाठ चोळली, आणि एकदाही 'मी सांगत होते' म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी कन्येचा फोन आला. मी "हॅलो" एवढंच म्हणालो. आवाजावरूनच तिला कळलं.

"बाबा, मग आम्ही यायचं पुढे ढकलतो," ती म्हणाली. "तुम्ही बरे व्हा. काही घाई नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. आतल्या खोलीत पाळणा उभा होता, घट्ट स्क्रूंचा, रिकामा. मला फार वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी एवढा सगळा खटाटोप केला, ती माझ्याच खटाटोपानं लांब गेली होती. त्या दिवशी मी मास्तरांच्या "जगा हो"ला उत्तरही दिलं नाही.

ताप उतरल्यावर बायकोच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी सगळं सांगितलं. धावणं, श्वास, लोखंड, पहाटे उठणं, बस. त्या आधी खूप हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"काका, आपल्या रक्तात पहारेकरी असतात. तुम्ही भरभर चाललात की ते कोपऱ्याकोपऱ्यांतून निघतात आणि अंगभर गस्त घालून परत जातात. रोज थोडं चाललं की रोज गस्त होते. वजनं उचलणंही चांगलं, स्नायू टिकतात, पण मोजकं आणि मध्ये विश्रांती देऊन. श्वासानं जीव शांत होतो, झोप लागते, तेही चांगलं. तुमचे मास्तर, त्या बाई, मेव्हणे, कोणी वाईट सांगितलं नाही. तुम्ही तिघांनाही एकाच दिवशी पंगतीला बसवलंत. अंगाला सवय नाही, झोप नाही, रोज शीण. मग पहारेकरीच पेंगायला लागले."

"म्हणजे व्यायामानं सर्दी झाली?" बायकोनं विचारलं.

"सर्दी बसमधून आली असणार. यांनी थकून तिला दार उघडून दिलं इतकंच. आणि हे बघा, कितीही व्यायाम केला तरी कधीतरी सर्दी होणारच. फक्त कमी वेळा होईल, लवकर उतरेल." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मी मध्यम म्हटलं ते तुम्हाला लागलं का?"

मी छताकडे पाहिलं.

"अहो काका, मध्यम म्हणजे कमी प्रतीचं नव्हे. मध्यम म्हणजे रोज जमेल असं."

पूर्ण बरा झाल्यावर मी हिरवा पास घेऊन बागेत गेलो. रखवालदारानं पायांकडे बघितलं, मी एक पाय मुद्दाम जरा जोरात टेकवला, त्यानं मान डोलावली. बायकोही यायला लागली. बोलता यावं पण गाता येऊ नये, हे माप तिच्यामुळे सोपं झालं. बोलायचं काम तिनं घेतलं, न गाण्याचं मी. एकदा माप तपासायला मी खरंच गाऊन पाहिलं, तेव्हा समोरून येणारे गृहस्थ वाट बदलून गेले. दम लागल्यामुळे गाता आलं नाही, असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं आहे की दम लागला नसता तरी आलं नसतं.

लोखंड मेव्हण्याला परत केलं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या एक दिवसाआड उचलू लागलो. झोपायच्या आधी समोरच्या बाईंचा श्वास, पण सोडायचाही. मास्तरांना मी हिरवा पास दाखवला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. आठवडाभरानं तेही बागेत दिसले. शिट्टी खिशात होती. गुडघे दुखतात म्हणाले.

शर्टांचंही नवलच झालं. खुलासा साहेबांच्या टेबलावर पडून असतानाच ड्रायव्हर लोकांची तुकडी कचेरीवर चालून आली. मला वाटलं, आता माझ्या नोकरीवर गदा येणार. तर ते म्हणाले, बसचं ते थोरलं चाक फिरवताना जुना शर्ट बगलेत फाटायचा, हा फाटत नाही, हात मोकळा फिरतो. लहान आणि मोठ्या मापालाही हीच बगल द्या! साहेबांनी माझा खुलासा फाईलला लावला आणि वर लिहिलं, 'मध्यम माप, सुधारित'. आता त्यात सुधारणा कोणी आणि कशी केली हे मी चारचौघांत सांगत नाही. पण रस्त्यातून बस गेली आणि ड्रायव्हरचा हात चाकावर ऐटीत फिरताना दिसला की माझी मान आपोआप ताठ होते.

थंडी सरून महिना उलटला. मला मधे एकदा सर्दी होऊन गेली, पण ती आली कधी आणि गेली कधी हे वॉचमनलाही कळलं नाही. पंपाचं वेळापत्रक मात्र पार कोलमडलं. शेवटी त्यानं घड्याळ घेतलं.

आणि कन्या यायचा दिवस उजाडला. मी सुधारित मध्यम शर्ट घातला होता. टॅक्सीचा आवाज आला तशी मी बायकोला हाक मारली. ती आतून आली ती नाकाला पदर लावून. डोळे लाल, नाक त्याहून लाल.

"काल संध्याकाळपासून," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही केवढे आनंदात होतात."

असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. 'तू दारातून बघ' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तिचं तोंड इतकं उतरलेलं होतं की मी म्हणालो, "दाराला टेकून उभी राहा, तिथून छान दिसतं. मी तिला तुझ्याकडे तोंड करून धरतो."

कन्या आत आली. आईला लांबूनच बघून हसली, डोळे पुसले, मग मला मोरीकडे पाठवलं. मी कोपरापर्यंत हात धुतले, तिनं ते उलटसुलट तपासले, आणि मग दुपट्यातलं ते गाठोडं माझ्या हातावर ठेवलं. ऐसपैस बगलेमुळे हात सहज वाकला आणि नात त्यात नीट बसली. काचेआडचं ते इवलंसं माणूस आता माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होतं. उबदार होतं, वजनदार होतं.

"वजन?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

कन्येनं दुपट्याचं टोक सारखं केलं. "मध्यम, बाबा," ती म्हणाली. "परवा डॉक्टर म्हणाले. एवढे महिने नुसतं कमी, फार कमी, असंच ऐकत होते. परवा म्हणाले, आता अगदी मध्यम. बरोबर मधोमध."

मध्यम! माझी नात मध्यम! आयुष्यभर हा शब्द मी ऐकत आलो, पण इतक्या मोठ्या सन्मानाचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मागोमाग नाकातूनही. कन्या दचकली, बायको दारातून ओरडली, "अहो, सर्दी!"

"सर्दी नाही," मी म्हणालो. "हे वेगळं आहे."

तेवढ्यात माझ्या हातातल्या त्या बाईंनी नाक आक्रसलं, डोळे मिटले आणि शिंकल्या. दोन आखूड. मग जरा वेळ शांतता. कन्येनं श्वास रोखला, बायकोनं पदर घट्ट धरला. आणि मग एक लांब.

"काही नाही, बाळं शिंकतातच अशी," कन्या म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, नाक साफ करतात."

खिडकी उघडी होती. चौथ्या मजल्यावरून मास्तरांचा आवाज आला, "जगा हो, स्टोअरकीपर!"

मी नातीला छातीशी धरून खिडकीशी गेलो आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "मी नव्हे हो, मास्तर! नात! नात आहे माझी!"

बायको दाराला टेकून, लाल नाकानं, हसत उभी होती.

"झालं," ती म्हणाली. "माप लहान, नमुना तोच."